अमेरिकेची राज्यघटना म्हणजे इंग्रजी कायदाच, फक्त राजा वजा?

आडवाट
१७७६ च्या बंडखोरांना इंग्रजी कायदा नको होता, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मला उलट वाटतं. इंग्रज माणसाला जे हक्क आहेत ते आम्हाला का नाहीत, हीच तर त्यांची तक्रार होती. घटना लिहायला बसल्यावर त्यांनी ते हक्क जवळपास जसेच्या तसे उचलले.

आठवी दुरुस्ती काढून बघा. अवाजवी जामीन नको, अवाजवी दंड नको, क्रूर आणि अघटित शिक्षा नको. १६८९ च्या इंग्लिश बिल ऑफ राइट्समधलं हे वाक्य किरकोळ फेरफार करून १७९१ मध्ये अमेरिकेत आलं. देशद्रोहाची व्याख्या तर तिसऱ्या एडवर्डच्या १३५१ च्या कायद्यावरून घेतली. बरं, हे सगळं कपाटात ठेवलेलं नाही. इंडियानात ड्रग्जच्या गुन्ह्यात एकाची सुमारे ४२,००० डॉलरची लँड रोव्हर सरकारने जप्त केली. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड होता १०,०००. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, दंडाची मर्यादा राज्यांनाही लागू आहे. निकालात न्या. गिन्सबर्ग यांनी मूळ शोधत पार मॅग्ना कार्टा, म्हणजे १२१५ ची राजाला बांधणारी सनद गाठली.

निंबोणी
असहमत. यादी इंग्रजांची असेल, पण ती कोणाला बांधते ते बघा ना. १६८९ चं बिल राजाला वेसण घालतं, पार्लमेंट मोकळंच. १७६५ च्या स्टँप ॲक्टने, म्हणजे पार्लमेंटने वसाहतींच्या कागदपत्रांवर लादलेल्या कराने, वसाहतींना कळलं की जुलूम करायला राजाच लागतो असं नाही, निवडून आलेली सभाही पुरते. म्हणून पहिल्या दुरुस्तीची सुरुवातच ‘काँग्रेसने असा कायदा करू नये’ अशी आहे. खटला न चालवता, नुसता कायदा करून एखाद्याला दोषी ठरवायचं हे पार्लमेंटचं जुनं हत्यार. अमेरिकेच्या घटनेने ते काँग्रेसकडूनही काढून घेतलं आणि राज्यांकडूनही. पुढे १८०३ च्या मार्बरी खटल्यात कोर्टाने काँग्रेसच्या कायद्यातली तरतूद रद्द केली. लंडनमधले न्यायाधीश पार्लमेंटचा कायदा आजही असा रद्द करू शकत नाहीत. याला वारसा कसं म्हणायचं?

आडवाट
निंबोणी, ही कल्पनाही तिकडचीच! १६१० मध्ये डॉ. बोनहॅमच्या खटल्यात एडवर्ड कोक या इंग्लिश न्यायाधीशाने लिहून ठेवलंय की सारासार न्यायाला सोडून असलेला पार्लमेंटचा कायदा कॉमन लॉ (म्हणजे कोर्टांच्या निकालांतून घडलेला इंग्लंडचा जुना कायदा) निरर्थक ठरवील. इंग्लंडने हे विचार गुंडाळून ठेवले. १७६१ मध्ये बॉस्टनला कस्टमवाल्यांना कुठल्याही घरात घुसून झडती घ्यायचे परवाने मिळत होते, तेव्हा वकील जेम्स ओटिसने हाच कोक कोर्टापुढे ठेवला. हरला. पण ते भाषण ऐकायला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला तरुण जॉन ॲडम्स बसला होता, आणि त्या झडत्यांचा राग चौथ्या दुरुस्तीत उतरलाय.

सुपारीफोड्या
‘इंग्रज माणसाचे हक्क’ हे ठीक, पण माणूस कोण ते कोणी ठरवायचं? कॉमन लॉमध्ये मुलाचा दर्जा बापावरून ठरायचा. व्हर्जिनियात एलिझाबेथ की या बाईने १६५६ च्या सुमारास, बाप इंग्रज असल्याच्या आधारावर, गुलामीतून सुटका मिळवली. १६६२ मध्ये तिथल्या सभेने कायदाच केला: दर्जा आईवरून. म्हणजे गुलाम बाईला मालकापासून झालेली पोरंही गुलाम.

पुढचं ऐका. १७७२ मध्ये सॉमरसेट या गुलामाला न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने हेबियस कॉर्पसवर (कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, या अर्जावर) लंडनमध्ये मोकळं केलं. पंधरा वर्षांनी फिलाडेल्फियात घटनेत कलम आलं की पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा. लग्नानंतर बायकोला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही, हा इंग्रजी नियम मात्र निमूटपणे चालू ठेवला. वारसा नाही हो, निवडानिवड.

निंबोणी
सॉमरसेटवरून इंग्लंडला फार पुण्यवान करू नका. तो निकाल इंग्लंडच्या भूमीपुरता. जमैकातले मळे १८३० च्या दशकापर्यंत गुलामांवरच चालले.

एडिसनकर
आमच्या न्यू जर्सीने १७९९ मध्ये कायदा केला होता की ४ जुलै १७७६ नंतरचे इंग्लिश निकाल कोर्टात दाखवायचे नाहीत. नंतरचे! आधीचे खुशाल दाखवा. धाग्याचं उत्तर यातच आलं असं मला वाटतं.

आता थोडं आपल्या अंगणातलं. ८ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्या सभेत महाभियोगावर चर्चा चालली होती. मसुद्यात कारणं दोनच, देशद्रोह आणि लाचखोरी. त्या सभेतला प्रतिनिधी जॉर्ज मेसन म्हणाला, एवढ्याने भागणार नाही, हेस्टिंग्जवर देशद्रोहाचा आरोप बसत नाही. हेस्टिंग्ज म्हणजे आपलाच वॉरन हेस्टिंग्ज, सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल. त्याच वर्षी कॉमन्स सभेने त्याच्यावर महाभियोग आणला होता. मेसनने ‘गैरकारभार’ सुचवला, मॅडिसनला ते फार मोघम वाटलं, आणि शेवटी पार्लमेंटच्या महाभियोगांत चालत आलेला ‘गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन’ हा शब्दप्रयोग घटनेत शिरला. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला. ट्रम्पवर दोनदा महाभियोग आला तो याच कलमाखाली.

सुपारीफोड्या
आणि खुद्द इंग्लंडने १८०६ नंतर महाभियोग एकदाही चालवला नाही.

निंबोणी
एवढा वारसा वारसा करताय तर सुप्रीम कोर्टातल्या डॉब्ज खटल्याचं काय? २०२२ मध्ये न्या. अलिटो यांनी गर्भपाताचा हक्क नाकारताना कोक आणि मॅथ्यू हेल या सतराव्या शतकातल्या इंग्लिश न्यायाधीशांचे दाखले दिले. याच हेलसमोर १६६२ मध्ये दोन बायका चेटकिणी ठरल्या आणि फासावर गेल्या. कुठल्या सालापर्यंतचं इंग्लंड चालवून घ्यायचं तुम्हाला?

आडवाट
व्हर्जिनियाने १७७६ मध्ये सालाची रेघ मारली होती. पार्लमेंटचे कायदे जेम्सटाउन (इंग्रजांची तिथली पहिली वस्ती) वसण्याआधीचे असतील तरच लागू. कॉमन लॉला तशी रेघ मारली नाही, आणि हेल त्याच दाराने आत येतो. डॉब्ज मलाही पटलेला नाही. पण त्या खटल्यात दुसऱ्या बाजूने निवेदन देणाऱ्या इतिहासकारांचा युक्तिवाद काय होता? पोटातलं मूल हलायला लागण्याआधी केलेला गर्भपात कॉमन लॉमध्ये गुन्हाच नव्हता.