मदत हवी आहे: रग्बीतला देशबदल आणि क्लबचा करार

मंडळी, रग्बी युनियनमध्ये २०२२ पासून खेळाडूला एकदाच देश (म्हणजे राष्ट्रीय संघ) बदलता येतो: तीन वर्षं आंतरराष्ट्रीय सामना खेळायचा नाही, आणि नव्या देशात स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म हवा. ऑल ब्लॅक्सचा (न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ) चार्ल्स पिउताउ असाच टोंगाकडे आला. इथवर कळलं.

आता शंका. राखीव बाकावर बसून मैदानात उतरलाच नाही, तर तो सामना खेळल्याचं धरतात का? आणि करिअरच्या दृष्टीने मुख्य प्रश्न पैशांचा. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात क्लबने खेळाडूला सोडायलाच हवं हे ठीक (कागदावर तरी!), पण करार वाढवताना, देशाकडून खेळू नये म्हणून क्लब आडून दबाव आणतात का? जाणकारांनी सांगावं.