कागदावर ‘प्रोग्नोसिस: गार्डेड’ लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

लोकमान्यनगरवाली:
आत्याला परवा दवाखान्यातून घरी आणलं. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, पायांवर सूज आहे. डिस्चार्जच्या कागदावर औषधांखाली एक ओळ आहे: ‘प्रोग्नोसिस: गार्डेड’. निघायच्या घाईत विचारायचं राहिलं. मोबाइलवर शोधलं तर हिंदीत ‘पूर्वानुमान’ आलं. आता इंदूरच्या माणसाला पूर्वानुमान म्हटलं की ‘शाम को बौछारें’ एवढंच आठवणार! आत्या चष्मा लावून तीच ओळ परत परत वाचतेय आणि काका म्हणतात, पत्रिका दाखवून घेऊ. हा शब्द मुळात कुठला? आणि घाबरायचं का?

इंटर्न_एमवाय:
ताई, गुड, फेअर, गार्डेड, पुअर अशी साधारण उतरंड असते. गार्डेड म्हणजे आत्ता ठाम सांगता येत नाही, सुधारेलही, बिघडेलही. गार्डेड म्हणजे पुअर नव्हे. औषधं चुकवू नका.

रामबागचे मास्तर:
शब्द ग्रीक आहे. ‘प्रो’ म्हणजे आधी, ‘ग्नोसिस’ म्हणजे जाणणं. हा ‘ग्नो’ आणि आपला ‘ज्ञा’ एकाच मुळातले. ‘जाणणे’साठीचा इंग्रजी ‘नो’ही तिथलाच, त्याच्या स्पेलिंगमधला मुका ‘के’ ही त्याचीच खूण. ‘प्रो’ म्हणजे आपला ‘प्र’. तुकडे जोडलेत तर ‘प्रज्ञा’ होते! अर्थ मात्र दोन्हीकडे वेगळ्या वाटेने गेले. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

‘डायग्नोसिस’मध्येही तोच ग्नोसिस आहे. हा कुठला आजार ते निवडून ओळखायचं, ते डायग्नोसिस. तो पुढे कसा वागेल ते प्रोग्नोसिस.

ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस इ. स. पू. 460 च्या सुमारास कोस बेटावर जन्मला. त्याच्या नावावर ‘प्रोग्नॉस्टिकॉन’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की वैद्याने रोग्यापाशी बसून आत्ताचं, मागचं आणि पुढचं, तिन्ही सांगावं. रोग्याने सांगायचं सोडलेलंही आपण भरून काढावं, म्हणजे लोक विश्वास टाकतात. लगेच पुढे हिशेबी गोष्ट: जो वाचणार नाही तो आधी ओळखून तसं सांगितलं, तर वैद्याला दोष लागत नाही. तुमच्या कागदावरचं ‘गार्डेड’ त्याच जातीचं आहे, मला तरी वाचून हसू आलं.

मग मरणाच्या वाटेवरचा चेहरा: नाक टोकदार, डोळे खोल, कानशिलं बसलेली, कान गार. पण ताई, त्याच्या पुढची ओळ लोक विसरतात. असा चेहरा दिसला तर आधी विचारा, म्हणतो, झोप झाली नाही का? जुलाब झाले का? उपाशी आहे का? तसं असेल तर धोका कमी समजावा. काकांच्या पत्रिकेत हा प्रश्न कुठल्या घरात विचारतात?

भाकीत सांगणाऱ्याला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, ‘मँटिस’. त्याच परंपरेतल्या दुसऱ्या एका ग्रंथात लेखक स्पष्ट सांगतो की मी असली भाकितं करणार नाही, कोण बरा होईल आणि कोण नाही हे ज्यांवरून ताडायचं ती लक्षणं तेवढी लिहितो. काकांना हे जरूर वाचून दाखवा.

वैद्य_राजवाडा:
मास्तरांना नमस्कार. आपल्याकडे प्रोग्नोसिसला साध्यासाध्यता म्हणतात, म्हणजे आजार बरा होण्यासारखा आहे की नाही ते. चरकाने सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे प्रकार केलेत. याप्य म्हणजे उपचार चालू तोवर आवाक्यात, थांबले की उचल खातो. सुश्रुत म्हणतो, पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू. गार्डेड म्हणजे याप्य असं मात्र समजू नका. गार्डेडमध्ये डॉक्टरांची खात्री नसते, याप्यमध्ये वैद्याची असते.

लोकमान्यनगरवाली:
आत्याला सगळं वाचून दाखवलं. ‘जुलाब झाले का’ वर खो खो हसली. काका पत्रिका सोडत नाहीत, पण निदान तिच्यासमोर काढणार नाहीत. इंटर्नभाऊ, मग आम्ही घरी कुठली लक्षणं बघायची?

इंटर्न_एमवाय:
रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. 3 दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं, सूज वर चढली, आडवं झाल्यावर दम लागला किंवा झोपायला जास्त उशा लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. दम खूपच लागला तर फोनही नको, सरळ घेऊन या. आणि लोणचं-पापड, मीठ मारलेली शेव बंद. इंदुरात हे अवघड आहे, ठाऊक आहे मला.