गायरानावर झाडं लावावीत की पाणवठा करावा?

उत्तर_सोलापूर : माळढोक अभयारण्य आहे त्या नान्नजच्या बाजूला आमच्या गावचं चार एकर गायरान आहे. ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, दर रविवारी पंधरा-वीस पोरं श्रमदानाला येतात. काळवीट, खोकड (छोटा कोल्हा) दिसतात. वड-पिंपळाची ५०० रोपं आणि एक सिमेंटचा पाणवठा करायचा विचार आहे. खड्डे केवढे घ्यावेत?

माळटिटवी : खड्डे घेऊच नका, दादा. माळावर झाडी वाढली की माळाची पाखरं उठतात. माळढोक, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना लांबवर नजर पोचणारं मोकळं रान लागतं. झाडावरच्या कावळ्याला ते अंडं आयतं दिसतं, आणि माळढोक बहुधा एकच घालतो. पडीक दिसतं म्हणून माळ पडीक नसतो.
आधी वेडी बाभूळ काढा. वरून छाटली तर दुपटीनं फुटते, म्हणून बुडाशी उकरून जमिनीखाली वीतभर खोल, गड्ड्यासकट तोडायची. तेही शेंगा पिकायच्या आत, नाहीतर शेळ्यांच्या लेंड्यांतून बी माळभर होतं. बोरी-हिवराला मात्र हात लावू नका. बोरं खोकडालाही लागतात.

गवत्या : बाभूळ काढून उघड्या पडलेल्या जागेत मारवेल, पवन्या ही गवतं लावा. मारवेलाचं ताजं बी नीट उगवत नाही. हिवाळ्यात गोळा करून कोरड्या पोत्यात ठेवा, जूनमध्ये पेरा. एक सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं की वाया. त्यापेक्षा ठोंब (मुळांसकट गवताचे तुकडे) खात्रीचे : ५० बाय ३० सेंटीमीटरवर, गुंठ्याला साधारण पावणेसातशे. पहिलं वर्ष त्या तुकड्यात चराई बंद. अख्खं गायरान बंद केलंत तर मेंढरंवाले भांडतील, आणि त्यांचं चूक नाही. एकेक एकर घ्या.

उत्तर_सोलापूर : आणि पाणवठा? विहिरीजवळ, गावाला लागून केला तर भरायला सोपं.

माळटिटवी : तिथं गावची कुत्री आधी येतील. ती काळविटाची पाडसं धरतात, शिवाय रेबीज, डिस्टेंपर हे कुत्र्यांचे रोग खोकडा-लांडग्यांत जातात. वस्तीपासून जेवढा लांब तेवढा बरा.
आकार बशीसारखा : ३ मीटर व्यास, मधे ३० सेंटीमीटर खोल. कड जमिनीच्या पातळीत, उतार सगळीकडून हलका. उभ्या काठाच्या टाकीत पिल्लं बुडतात. यात हजार लिटर मावतं, पण मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडालं तरी ७० लिटर गेलं. म्हणजे जनावरं पिवोत न पिवोत, दर आठवड्याला अर्धी बशी भरावीच लागणार. तेवढी तयारी नसेल तर करूच नका, सवय लावून कोरडा ठेवलेला पाणवठा वाईट.

मुरूमवाला : काळ्या मातीवर बांधू नका, ती फुगते-आकसते आणि बशी तडकते. मुरमाची जागा बघा, धुम्मस करा (ठोकून घट्ट करा), कोंबडीजाळी अंथरून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ८ सेंटीमीटर जाड. दहा दिवस पाणी मारा. पहिलं दोन वेळचं पाणी उपसून टाका, त्यात सिमेंटचा खार उतरतो. शेवाळ काथ्यानं घासायचं, ब्लीचिंग नको.