पनामा कालव्यातून देशपांडे काका

देशपांडे काका (बी-402): नमस्कार मंडळी! इथे सकाळचे साडेसहा, तुमच्याकडे संध्याकाळचे पाच. जहाज गातुनच्या लॉकमध्ये शिरतंय. लॉक म्हणजे दारांचा बंद कप्पा, त्यात पाणी भरून जहाज पायरीपायरीने वर चढवतात. भिंत इतकी जवळ की बाल्कनीतून हात लावावासा वाटतो. फोटो पाठवतोय, नेट रडतखडत चाललंय.

सुलभाताई (ए-203): वा! पण दोन्हीकडे समुद्रच ना, मग जहाज वर कशाला चढवायचं?

देशपांडे काका: मधे डोंगर आहे ताई. सुएझवाल्या लेसेप्सच्या कंपनीने 1881 मध्ये समुद्रसपाटीलाच खणायला घेतलं आणि फसले. दरडी कोसळायच्या, वर मलेरिया आणि पीतज्वर (यलो फिव्हर). वीस हजारांच्या वर माणसं गेली म्हणतात. मग अमेरिकनांनी चाग्रेस नदी अडवून 26 मीटर उंचीवर तळंच केलं. तीन पायऱ्या चढायच्या, तळं पार करायचं, पलीकडे तीन उतरायच्या. सुरू कधी झाला? 15 ऑगस्ट 1914!

डॉक्टर (ए-101): मलेरिया डासांतून पसरतो याचा पुरावा ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला 1897 मध्ये आपल्या सिकंदराबादला मिळाला. पुढे पनामात आधी डासांचा बंदोबस्त केला, मग कालवा झाला. विषय निघालाच आहे तर, गच्चीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या कोण रिकाम्या करणार?

ओंकार (सी-502): काका, पंप केवढे असतील तिथे?

देशपांडे काका: पंप नाहीतच! तळ्यातलं पाणी उताराने खाली येतं, बस्स. बघता बघता जहाज वर. दोन्ही काठांवर रुळांवरून विजेची इंजिनं चालतात, त्यांना म्यूल म्हणतात. ती तारांनी जहाज मधोमध धरून ठेवतात, पुढे ते स्वतःच्या ताकदीनेच सरकतं. आणि एवढ्या अवाढव्य कारभारात पहिला दोर घेऊन कोण आलं? वल्ह्याच्या होडीतून दोन माणसं!

सेक्रेटरी (बी-104): एका जहाजाला पाणी किती लागतं?

देशपांडे काका: साधारण 20 कोटी लिटर. सगळं गोडं, आणि शेवटी समुद्रात.

सेक्रेटरी: म्हणजे आपले दहा हजार लिटरवाले 20,000 टँकर 😳 इथे परवा एक उशिरा आला तर मला रात्री अकराला फोन!

ओंकार: 2016 च्या नव्या लॉकना शेजारी हौद आहेत, 60 टक्के पाणी पुन्हा वापरतात. तरी 2023 च्या दुष्काळात जहाजांची संख्या कमी करावी लागली. पनामा शहराचं पिण्याचं पाणीही त्याच तळ्यातलं ना.

सुलभाताई: आम्ही जावं का मग?

देशपांडे काका: जरूर. फक्त बुकिंगच्या वेळी विचारा, कालवा पूर्ण पार करणार की तळ्यापर्यंत जाऊन माघारी. दोन्ही प्रकार असतात. फार रुंद जहाज नको, ते नव्या लॉकमधून जातं. तिथे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या टगबोटी असतात, ही म्यूलची गंमत नाही. आणि यलो फिव्हरची लस किमान 10 दिवस आधी घ्या, परतताना विमानतळावर कार्ड मागतात.

देशपांडे काकू: हे नाही सांगणार. पहाटे चारपासून पुढच्या डेकवर खुर्ची अडवून बसलेत. नाश्तासुद्धा मीच वर आणून दिला.

ओंकार: काका, मॅपवर तुम्ही आग्नेयेला चाललाय. पॅसिफिक पश्चिमेला ना?

देशपांडे काका: बरोबर पकडलंस. जमिनीची पट्टी इथे वाकडी वळलीय, म्हणून कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे. मलाही इथल्या गाइडनेच सांगितलं. आणखी एक ऐका. सगळ्यात कमी टोल 1928 मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन या अमेरिकन प्रवासी लेखकाने भरला, 36 सेंट. पठ्ठ्या पोहत गेला, टोल वजनावर लावला!

खजिनदार (सी-201): हे उत्तम. मेंटेनन्स वजनावर लावायचा ठराव मांडू का?

सुलभाताई: माझा विरोध आत्ताच नोंदवून घ्या.