मदत हवी आहे : ‘अमर्याद ५जी’चा रिचार्ज असूनही डेटा दुपारीच संपतो, कोणता प्लॅन घ्यावा?

अनेरकाठचा
नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. दिवाळीत नवा ५जी मोबाइल घेतला आणि ‘अमर्याद ५जी’ असे स्पष्ट लिहिलेला रिचार्ज केला. तरीही रोज दुपारी दोनच्या सुमारास आजचा डेटा संपल्याचा संदेश येतो आणि त्यानंतर साधे छायाचित्रसुद्धा उघडत नाही. ग्राहक सेवेला तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा मोबाइल बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळाला. उद्या रात्री मुदत संपत आहे. एकरकमी वर्षाचा प्लॅन घ्यावा की कंपनीच बदलावी, एवढेच कृपया सांगावे. वेळ कमी असल्यामुळे तांत्रिक उत्तर नको.

पांझरा_अभियंता
कंपनी कोणती, प्लॅनमध्ये रोजचा डेटा किती, मोबाइल कोणता आणि हा त्रास घरातच होतो की सगळीकडे होतो, हे चारही मुद्दे आपण लिहिलेले नाहीत. त्यांच्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल.

भुसावळ_जंक्शन
उत्तर सोपे आहे. मोबाइलच्या प्लॅनचा नाद सोडावा आणि घरावर एअरफायबर बसवून घ्यावे. छतावर एक छोटा अँटेना लावतात, तो टॉवरकडून ५जीचे संकेत घेतो आणि घरात वायफाय मिळते. मी बसवल्यापासून घरातील चारही मोबाइलना सर्वांत लहान प्लॅन पुरतो.

अनेरकाठचा
कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की येथे लगेच दोन तट पडतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. रोज २ जीबीचा प्लॅन आहे. मोबाइल नामांकित कंपनीचा आहे. टॉवर तर गावातच, आमच्या ओट्यावरून दिसेल इतका जवळ आहे. आमची आई रोज म्हणते, “टावर डोयासमोर शे, मंग फोन काबर लागत नही?” मलाही तोच प्रश्न पडला आहे.

निवृत्त_दूरसंचार
खासगी कंपन्यांच्या ‘अमर्याद’ या शब्दावर विश्वास ठेवलात, येथेच चूक झाली. सरळ बीएसएनएलकडे यावे. स्वदेशी तंत्रज्ञानावर उभारलेल्या ४जी जाळ्याचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले आणि तीच यंत्रणा पुढे ५जीसाठी अद्ययावत करता येते. जेथे कोणतीच कंपनी जाण्यास तयार नव्हती, अशा खेड्यांसाठी २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली, आणि तेथेही टॉवर उभे करण्यास हेच खाते पुढे आले.

धडगाव_शिक्षक
साहेब, आपल्या खात्याबद्दल आदर आहे. मात्र आमच्या पाड्यावर आजही हजेरीची माहिती भरण्यासाठी मला शाळेमागची टेकडी चढावी लागते. योजना कागदावर मंजूर होणे आणि सातपुड्याच्या तिसऱ्या घाटापलीकडे वीज, रस्ता व टॉवर हे तिन्ही पोहोचणे यांत फार अंतर आहे. अनेरकाठचे भाऊ, आपल्याकडे टॉवर दिसतो तरी, यातच समाधान मानावे.

पांझरा_अभियंता
टॉवर दिसतो म्हणजे त्यावर आपल्या कंपनीचे ५जी आहेच, असे नाही. बहुतेक टॉवर वेगळ्याच संस्थेच्या मालकीचे असतात आणि एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या भाड्याने आपापली यंत्रे लावतात. आपल्या कंपनीने त्यावर फक्त ४जीचे यंत्र लावलेले असेल आणि ५जीचे यंत्र पाच किलोमीटरवरील मोठ्या गावात असेल, असेही शक्य आहे. आपण तांत्रिक उत्तर नको म्हटले आहे, पण एक प्रश्न विचारतोच. घरात बसल्यावर मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात ५जी सतत दिसते की मधूनमधून ४जी होते?

अनेरकाठचा
मधूनमधून ४जी होते. चोपड्याच्या बसस्थानकावर मात्र ५जी उत्तम चालते. पण प्लॅन अमर्याद असताना ४जी झाले म्हणून काय बिघडले? पैसे तर मी अमर्यादचेच भरले आहेत ना?

पांझरा_अभियंता
सगळा घोळ येथेच आहे. ‘अमर्याद’ हा शब्द फक्त ५जीवरून गेलेल्या डेटाला लागू होतो. मोबाइल ज्या क्षणी ४जीवर उतरतो, त्या क्षणापासून वापर रोजच्या २ जीबीतून वजा होतो आणि तो कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे अगदी मंद गतीवर येतो. म्हणजे आपण चोपड्यात पाच तास चित्रफिती पाहिल्या तरी कोटा शाबूत राहील आणि घरी दोन तासांत संपेल. जुलै २०२४ मधील दरवाढीच्या वेळी जिओ व एअरटेल या दोन्ही कंपन्यांनी अमर्याद ५जी हे रोज २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटाच्या प्लॅनपुरते ठेवले. त्यापूर्वी जिओचा २३९ रुपयांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन त्यासाठी पुरेसा होता. अनेकांना हा बदल अजून ठाऊक नाही. आपला प्लॅन पात्र आहे, पण आपले घर ५जीच्या छायेत नाही.

शहादेकर_ताई
दादा, घरी इतका डेटा कशासाठी लागतो, हे आपण लिहिलेच नाही. आमच्याकडे मोठा मुलगा रात्रभर क्रिकेट पाहत असे आणि मी महिनाभर कंपनीला दोष देत बसले होते.

अनेरकाठचा
ताई, मुलगी बारावीला आहे आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीचे व्हिडिओ माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाहते. सकाळी नऊ ते एक तिचा अभ्यास चालतो. हे लिहायचे राहिले, क्षमस्व.

शहादेकर_ताई
मग दुपारी दोनचे गणित सुटले. व्हिडिओचा दर्जा सर्वांत वर ठेवलेला असेल, तर डेटा भराभर जातो. फळ्यावरील अक्षरे वाचण्यासाठी ४८०चा दर्जाही पुरतो. तो एकदा बदलून पाहावा, त्याला पैसे पडत नाहीत.

फोनदुरुस्ती_अमळनेर
आपले दुकान याच कामाचे आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. प्लॅन, कंपनी काहीही बदलू नका. ऑनलाइन रेंज बूस्टर मिळतो, तो छतावर लावा. मी आतापर्यंत कितीतरी घरांत बसवून दिले आहेत आणि एकाचीही तक्रार आलेली नाही.

पांझरा_अभियंता
बसवून घेणाऱ्याची तक्रार येणारच नाही, तक्रार त्याच्या शेजाऱ्यांची असते. परवानगीशिवाय असा बूस्टर विकणे व लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, कारण तो आसपासच्या टॉवरच्या कामात अडथळा आणतो आणि संपूर्ण आळीची रेंज बिघडवतो. कृपया असले सल्ले जाहीरपणे देऊ नयेत.

फोनदुरुस्ती_अमळनेर
अभियंता साहेब, कायदा आम्हालाही समजतो. परंतु भारनियमनात टॉवरची बॅटरी संपली की तासन्‌तास रेंज जाते, तेव्हा गिऱ्हाईक कायद्याचे पुस्तक घेऊन नाही, मोबाइल घेऊन दुकानात येते.

निवृत्त_दूरसंचार
टॉवरच बंद पडल्यावर बूस्टर काय वाढवणार? शून्याची दुप्पट शून्यच होते. या एका बाबतीत मी अभियंत्यांशी सहमत आहे.

हिवाळी_वांगे
माझ्या मते ५जीवर पैसे घालवूच नयेत. ६जीचे काम सुरू झालेले आहे. आपल्या सरकारने मार्च २०२३ मध्ये त्याचा आराखडाही प्रसिद्ध केला आणि २०३० च्या आसपास ते येईल असे म्हणतात. तोवर ४जीवर भागवावे आणि मग एकदाच चांगला मोबाइल घ्यावा.

शहादेकर_ताई
दादांच्या मुलीची परीक्षा २०३० पर्यंत थांबणार आहे का?

पांझरा_अभियंता
मुद्द्यावर येऊ. भाऊ, एक काम करावे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात सिमची स्थिती पाहिल्यास ‘सिग्नल स्ट्रेंथ’समोर उणे चिन्ह असलेला आकडा दिसतो. उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळचा, म्हणजे उणे ८५, उणे ८० असा आकडा असेल तर रेंज चांगली आहे. उणे ११०च्या पुढे गेला तर कामाची नाही. कोपऱ्यातील दांड्यांवर विसंबू नये. ५जीचे चिन्हही कधीकधी फसवते, कारण काही ठिकाणी ५जी हे ४जीच्या आधाराने चालवले जाते आणि तेथे चिन्ह ५जीचे दिसत असताना डेटा प्रत्यक्षात ४जीवरून जात असू शकतो. एअरटेलने सुरुवात या आधाराच्या पद्धतीने केली, तर जिओने स्वतंत्र ५जी उभारले. दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे आहेत, आणि कोणती श्रेष्ठ हा वाद येथे नको.
दुसरे, मोबाइलच्या खोक्यावर कोणते बँड, म्हणजे वारंवारितेचे पट्टे, लिहिले आहेत तेही पाहावे. आपल्याकडे ५जीचा मुख्य भार ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर म्हणजे एन७८ बँडवर आहे. त्याचा वेग मोठा असतो, पण तो फार दूर जात नाही आणि भिंती त्याला सहज अडवतात. ७०० मेगाहर्ट्झचा म्हणजे एन२८ बँड दूरवर पोहोचतो आणि भिंतीही भेदतो. २०२२ च्या लिलावात त्यासाठी एकट्या जिओने बोली लावली. जिओचे सिम असून मोबाइलमध्ये एन२८ नसेल, तर खेड्यात त्याचा फटका बसतो.

भुसावळ_जंक्शन
म्हणूनच मी एअरफायबर म्हणत होतो. अँटेना छतावर असल्यामुळे भिंतींचा प्रश्नच उरत नाही.

पांझरा_अभियंता
तत्त्व बरोबर आहे, पण अँटेनालाही ५जीच लागते. त्यांच्या छतावर ते पोहोचते की नाही, हेच अजून कळलेले नाही. शिवाय भुसावळ शहर आणि अनेरकाठचे खेडे यांना एकाच मापाने मोजू नये.

अनेरकाठचा
सर्वांचे आभार. आताच मोजून पाहिले. मोबाइलमध्ये दोन्ही बँड आहेत. ओट्यावर उणे ९७, माजघरात उणे ११८ आणि मागच्या पडवीत, जेथे मुलगी अभ्यासाला बसते, तेथे मोबाइल ४जीवरच राहतो. हे लिहिताना लक्षात आले की आमचे घर जुने, धाब्याचे आहे. मातीच्या भिंती दोन हात जाड आहेत. उन्हाळ्यात ४५ अंशांतही आत गारवा असतो, त्याचे हे मोल असेल असे वाटले नव्हते. पडवीवर पत्रे आहेत आणि तिच्या मागे लगेच केळीची बाग लागते.

पांझरा_अभियंता
हे पहिल्याच वेळी लिहिले असते, तर अर्धा धागा वाचला असता. जाड मातीची भिंत संकेत शोषून घेते, पत्रा तो परतवून लावतो आणि केळीच्या रुंद, पाण्याने भरलेल्या पानांतून उच्च वारंवारितेच्या लहरी क्षीण होऊन बाहेर पडतात. आपण तिन्ही अडथळे एका ओळीत उभे केले आहेत.
आता प्लॅनबद्दल माझे मत असे की वर्षाचा प्लॅन आज घेऊ नये. पुढे कंपनी बदलली, तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळत नाहीत. उद्या २८ दिवसांचाच रिचार्ज करावा, मग तो रोजच्या हिशेबाने थोडा महाग पडला तरी चालेल. एरवी २८ दिवसांचा हिशेब मला पटत नाही, कारण वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज करावे लागतात. दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा प्लॅन ठेवण्यास सांगितले आहे, तोही पाहावा.
या महिन्यात शेजाऱ्याचे किंवा पाहुण्याचे दुसऱ्या कंपनीचे सिम आपल्याच मोबाइलमध्ये घालून पडवीत आणि ओट्यावर आकडा मोजावा. कंपन्यांनी त्यांच्या संकेतस्थळांवर व्याप्तीचे नकाशे दिले आहेत, तेही पाहावेत, पण धाब्याची भिंत त्या नकाशात नसते. दुसरी कंपनी खरोखर चांगली निघाली, तरच बदल करावा. त्यासाठी ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द, मोकळी जागा आणि आपला क्रमांक असा संदेश १९०० वर पाठवावा. जो संकेतांक येईल तो चार दिवसच वैध राहतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात.

निवृत्त_दूरसंचार
सिम बदलून आकडा मोजताना बीएसएनएलचे सिमही घालून पाहावे, एवढीच विनंती आहे. ग्रामपंचायतीपर्यंत केंद्राच्या भारतनेट योजनेची फायबर आली असेल, तर तिचीही चौकशी करावी. तारेला भिंतीचे भय नाही.

शहादेकर_ताई
आणखी एक. आई साधाच मोबाइल वापरत असतील, तर त्यांच्या क्रमांकावर डेटाचा प्लॅन मारत बसू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकाने फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे प्लॅन ठेवणे बंधनकारक केले. दुकानदार ते स्वतःहून दाखवत नाहीत.

फोनदुरुस्ती_अमळनेर
आम्ही दाखवतो.

अनेरकाठचा
कळवायला आठवडा लागला. २८ दिवसांचा रिचार्ज केला. आतेभावाचे दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहिले. ओट्यावर ते माझ्यापेक्षा कमजोर आणि पडवीत दोघांचीही सारखीच दैना आहे. त्यामुळे कंपनी बदललेली नाही. ओट्याच्या भिंतीत दिव्यासाठी केलेली जुनी देवळी आहे, तिच्यात मोबाइल चार्जरला लावून हॉटस्पॉट सुरू ठेवतो आणि मुलगी आता पडवीऐवजी ओट्यालगतच्या खोलीत बसते. तेथे ५जी टिकते. व्हिडिओचा दर्जाही ४८० केला आहे. गेले पाच दिवस डेटा संपल्याचा संदेश आलेला नाही. फक्त सकाळी नऊ ते एक माझा मोबाइल देवळीत असतो आणि केळीचे व्यापारी मला आईच्या क्रमांकावर फोन करतात.

निवृत्त_दूरसंचार
बीएसएनएलचे सिम घालून पाहिलेत की नाही, ते लिहायचे राहिले आहे.