टो-क्लिप सुरक्षित? मला नाही पटत
नवख्या सायकलस्वाराने आधी टो-क्लिप (पॅडलवरचा, पट्ट्याने पाय आवळणारा पिंजरा) वापराव्यात, त्या क्लिपलेसपेक्षा (ज्यात बुटाच्या तळव्याला लावलेलं क्लीट, म्हणजे छोटा तुकडा, पॅडलमध्ये अडकतं) सुरक्षित, असा सल्ला दिला जातो. माझं मत उलट आहे. पट्टा पाय पक्का राहील इतका आवळला, तर पाय काढायला खाली वाकून हाताने बक्कल सैल करावं लागतं. सिग्नलला अचानक ब्रेक मारल्यावर हे कसं जमणार? सैल ठेवला तर पाय निघतो, पण मग खडबडीत रस्त्यावर तो पॅडलवर ठरत नाही. क्लिपलेसमध्ये टाच बाहेर वळवली की पाय सुटतो, हात हँडलवरच राहतात.

पसरणी घाटात मध्ये थांबून चार पावलं चालायचं असेल, तर दोन बोल्टचं एसपीडीच (शिमानो कंपनीचा क्लिपलेस प्रकार) घ्या. क्लीट बुटाच्या तळव्यात आत बसतं. दुकानात शिमानोचं एसएच-५६ क्लीट मागून घ्या. नेहमीचं एसएच-५१ नको. ५६ मध्ये पाय वेगवेगळ्या दिशांना वळवूनही सुटतो, घाबरून जोरात उचलला तरी. पॅडलची स्प्रिंग ३ मिमीच्या ॲलन कीने अगदी सैल करा, दोन्ही पॅडलच्या दोन्ही बाजू. भिंतीला धरून अडकवणं-सोडवणं अंगवळणी पडेपर्यंत करा, मगच रहदारीत उतरा.

गुडघा दुखू लागला तर सीटला हात लावण्याआधी क्लीटचा कोन तपासा.