सहावीचा प्राचीन इतिहास मोहेंजोदडोपासून सुरू करावा की गावच्या पांढरीपासून?

धागाकर्ता (शिक्षक, धाराशिव जिल्हा)

सहावीला प्राचीन इतिहास शिकवताना मी दरवर्षी एकाच जागी अडखळतो. पुस्तकात हडप्पा संस्कृती आरंभीच येते. महास्नानगृह, भाजक्या विटा, झाकलेली गटारे हे सारे मुले घडाघडा सांगतात, पण सिंधू नदी नकाशावर दाखवा म्हटले की बोट गंगेवर जाते. दक्षिणेतील प्राचीन राज्यांचा पाठ मात्र शेवटाकडे असल्यामुळे पैठणचे सातवाहन उरकले जातात आणि तासाभराच्या वाटेवरचे तेर केवळ गोरोबाकाकांच्या यात्रेपुरते उरते.

माझ्या मते हा क्रम उलटावा. शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी, हे इथल्या मुलाला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. बेसॉल्ट झिजून झालेली, ओल धरून ठेवणारी ती काळी. पडलेल्या भिंती, राख आणि शेणकेर यांची शतकानुशतके साचलेली ती पांढरी. भूगोल आणि इतिहास या दोन शब्दांतच शेजारी बसलेले आहेत. गेल्या वर्षी एका मुलीने माळवदासाठी आणलेल्या पांढऱ्या मातीतून निघालेला बांगडीचा तुकडा वर्गात आणला. नखाएवढा, आतून गुळगुळीत, कडेला एक कोरीव रेघ. तो शंखाचा होता. बालाघाटाच्या या डोंगरपठारावर शंख आला कुठून, या प्रश्नावर दोन तास गेले आणि मग पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हे एका व्यापाऱ्याचे सागरी प्रवासवर्णन आपोआप आले. भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाते, असे तो ग्रीक भाषेत लिहिणारा व्यापारी नोंदवतो. त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापिका, परभणी)

सर, आपली तळमळ कळते, परंतु क्रम उलटण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. हडप्पा संस्कृतीचा नागरी काळ इ. स. पू. 2600 ते 1900 असा मानतात. सातवाहन त्यानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी आले. इसवी सनापूर्वीची वर्षे उलटी मोजायची असतात, हेच सहावीतल्या मुलाला मोठ्या कष्टाने उमगते. त्यात आपण आधी पैठण आणि मग मोहेंजोदडो शिकवले, तर सातवाहनांनीच पुढे सिंधूकाठी जाऊन नगरे बांधली, असे लिहिणारी उत्तरपत्रिका मला आत्ताच दिसते आहे.

दुसरे असे की आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत सामाजिक शास्त्रांना 35 गुण असतात. गरीब घरच्या मुलांसाठी ती शिष्यवृत्ती फार मोलाची आहे, आणि तिथे आपल्या गावची पांढरी कोणी विचारत नाही.

प्रतिसाद (शिक्षक, बीड जिल्हा)

मॅडम, क्रमाचा मुद्दा मान्य, पण आमच्याकडची अडचण निराळी आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पुष्कळ मुले आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात; परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यांच्या वाट्याला दरवर्षी हडप्पा येते आणि दरवर्षी सातवाहन हुकतात. गोदाकाठी जन्मलेल्या मुलाच्या कानावर पैठणची गोष्ट केवळ वेळापत्रकामुळे पडू नये, हे मला पटत नाही.

प्रतिसाद (पुरातत्त्वाचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

एक कळकळीची विनंती. मुलांना पांढरीत वस्तू वेचायला पाठवू नका. तुकडा कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होता, यावरून काळ ठरतो; उचलून दप्तरात टाकला की तो नुसताच तुकडा. दाखवायचेच असेल तर तेरच्या वस्तुसंग्रहालयात न्या. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहा. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली आहे.

शिवाय सिंधू आणि गोदावरी यांची तुलना घाईने करू नये. सिंधूला हिमालयातील बर्फाचे पाणी मिळते आणि पुराबरोबर तिच्या मैदानात गाळ पसरतो. गोदावरी सर्वस्वी पावसावर. वरची काळी जमीन चिकट, नांगरायला जड, पण रब्बीची ज्वारी केवळ ओलीवर काढणारी. नदीकाठी संस्कृती उदयाला आली, हे एकच वाक्य दोन्हीकडे चिकटवले तर भूगोल शिकवलाच नाही असे म्हणावे लागेल.

धागाकर्ता

वेचण्याबाबतची चूक कबूल; यंदा एसटी करून संग्रहालयातच नेईन. गुणांचा मुद्दा मात्र मला तितका पटत नाही, कारण शंख कुठून आला असे विचारणारे मूल हडप्पा संस्कृतीतले लोथलचे बंदर एकदाच ऐकून लक्षात ठेवते. कालक्रमासाठी मी भिंतीवर दोरी बांधतो, एक वीत म्हणजे शंभर वर्षे. तीवर दोन्ही नगरे टांगली की मधले अंतर मुले स्वतःच मोजतात.

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापिका, परभणी)

दोरी चांगली आहे. मात्र ती पहिल्याच दिवशी बांधा, पैठणनंतर नव्हे. आणि मधली जागा मोकळी सोडू नका. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला, उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातील, वस्तीचा थर सापडला आहे. ती चिठ्ठी तिथे लावा. तरीही वर्गात आधी हडप्पाच शिकवावी, हे माझे मत कायम आहे. बीडच्या सरांच्या मुलांसाठी सातवाहनांचा पाठ दिवाळीपूर्वी घ्यायला मात्र माझी हरकत नाही.